पदके तिची, वर्ग कोणाचा?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून तिने योगासन स्पर्धांमध्ये पदके मिळवली. दोन वर्षांपूर्वी मात्र तिने स्पर्धा सोडल्या. हे कौशल्य वाया जाऊ नये म्हणून पुढच्या महिन्यापासून तिला योगवर्ग सुरू करून देण्याचे आम्ही ठरवले आहे. जागा पाहिली आहे, तीस महिलांनी नावेही दिली आहेत. चारचौघांत बोलायला ती संकोचते, पण सवय होईल. लवकरात लवकर मिळणारे प्रमाणपत्र कोणते, आणि दिवसाला किती वर्ग घ्यावेत? – एक आई

उत्तर : तुमच्या पत्रात जागा आहे, नावे आहेत, तारीखही जवळजवळ ठरलेली आहे, मुलीला काय हवे आहे, याबद्दल मात्र एकही वाक्य नाही. तिच्या बाजूने पत्रात आलेली एकमेव गोष्ट म्हणजे तिचा संकोच, आणि तोही तुम्ही ‘सवय होईल’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढला आहे. तिने स्पर्धा का सोडल्या, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला शंका आहे की ते तिला नीट विचारलेही गेलेले नाही. शाळकरी वयापासून नेमाने सराव करणारी मुलगी जेव्हा थांबते, तेव्हा त्यामागे लपवलेली दुखापत असू शकते, कंटाळा असू शकतो किंवा सतत कोणाच्या तरी नजरेखाली गुण मिळवत राहण्याचा थकवा असू शकतो. कारण यांपैकी कोणतेही असले, तरी रोज सकाळी तीस जणींसमोर तिला पुन्हा उभे करणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. कौशल्य ‘वाया जाते’ म्हणजे काय, हेही मला कळले नाही. तिने कमावलेले शरीर आणि शिस्त तिच्याकडेच राहणार आहे. त्यातून उत्पन्न निघाले पाहिजे, हा हट्ट तिचा दिसत नाही.

प्रमाणपत्राचे थोडक्यात सांगतो : आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणीकरण मंडळाच्या स्तरनिहाय परीक्षा, विद्यापीठांच्या योगविषयक पदविका व पदव्या आणि खासगी संस्थांचे दोनशे तासांचे अभ्यासक्रम, असे मार्ग उपलब्ध आहेत. यांपैकी ‘सर्वांत लवकर’ मिळणाऱ्याची निवड मी सुचवणार नाही.

तुमच्या पत्रामागे एक पक्का समज आहे : ज्याला आसन उत्तम येते, त्याला ते उत्तम शिकवता येते. योगासनाला डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. पण स्पर्धेत परीक्षक तुमच्या मुलीच्या शरीराकडे पाहतात, तर वर्गात तिला दुसऱ्यांच्या शरीरांकडे पाहायचे असते. उपजत लवचीक असलेल्या व्यक्तीला तर ताठर माणसाचे दुखणे समजायलाच वेळ लागतो, कारण पुढे वाकताना मांडीमागचा स्नायू कुठे अडतो हे तिने कधी अनुभवलेलेच नसते. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1934 मध्ये म्हैसूरला योगाचार्य कृष्णमाचार्यांकडे गेले तेव्हा लहानपणीच्या आजारपणांनी खंगलेले, ताठर अंगाचे किशोर होते, आणि 1937 मध्ये पुण्यात शिकवायला आले तेव्हाही ते विशीच्या आतच होते. खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा जो वापर पुढे त्यांच्या पद्धतीची ओळख ठरला, तो ज्यांना आसन सहज येत नाही अशा शरीरांसाठीच होता. त्या घडणीत शिक्षकाच्या स्वतःच्या अडचणींचाही वाटा होता, असे मला नेहमी वाटते.

समूहवर्गात नेमके काय करावे लागते, हे तुम्हाला समजावे म्हणून थोडे तपशिलात जातो. तीस जणींमध्ये कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कोणाच्या मणक्याची चकती सरकलेली असते, कोणाला काचबिंदू असतो, तर कोणी गरोदर असून ते सांगितलेले नसते. कपालभाती, सर्वांगासन, खोल पुढे वाकणे हे सर्वांना सरसकट देता येत नाही, आणि तरीही वर्ग एकच असतो. नवखी शिक्षिका सर्वांगासन स्वतः करून दाखवते. तिच्याकडे पाहण्यासाठी खांद्यांवर तोललेल्या बायका मान वळवतात, आणि त्या स्थितीत मान वळवणे हेच सर्वांत धोक्याचे असते. म्हणून आधी दाखवून मग उभे राहायचे, आणि पुढचे सगळे आवाजावर चालवायचे असते. समोरासमोर उभे राहून ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा हात वर न्यायचा, वीरभद्रासनात मागच्या रांगेतला एखादा गुडघा आत कोसळतो आहे हे टिपायचे, हात लावून दुरुस्ती करण्याआधी परवानगी घ्यायची, जुन्या साधिकेला पाहून नवखी ईर्ष्येने ताणत असेल तर तिला सर्वांसमोर न दुखावता थांबवायचे, आणि हे सगळे चालू असताना ‘श्वास घ्या’ म्हणणारा स्वतःचा आवाज घाईला येऊ द्यायचा नाही. सलग वर्ग घेणाऱ्यांचे घसे बसतात आणि स्वतःचा सराव मागे पडतो, हेही सांगून ठेवतो. पैशांचे बोलायचे तर वर्ग पहाटे आणि संध्याकाळी चालतात, दुपार रिकामी जाते, आणि पहिल्या आठवड्यातला उत्साह फारसा टिकत नाही. यादीतली तीस नावे पुढच्या महिन्यात तीसच राहतील, असे धरून चालू नका.

हे सगळे सांगण्याचा अर्थ या कामात समाधान नाही, असा मुळीच घेऊ नये. जमिनीवरून उठताना दर वेळी खुर्चीचा आधार घेणारी स्त्री काही आठवड्यांनी हात न टेकता उठते आणि ते तिच्या आधी शिक्षिकेच्या लक्षात येते, यासारखा आनंद फार थोड्या व्यवसायांत मिळतो. घरी एकटीने सराव न करणाऱ्या बायका शेजारच्या चटईवरचीसाठी वर्गाला येत राहतात, एकमेकींची चौकशी करतात, आणि हा गोतावळा शिक्षिकेभोवती हळूहळू उभा राहतो. पण हे समाधान माणसांकडे कुतूहलाने पाहणाऱ्यालाच मिळते. ढकललेल्या मुलीला त्यातले फक्त श्रम दिसतील.

संकोच ही माझ्या मते अडचण नाहीच. कमी बोलणारे, पण नेमके बोलणारे योगशिक्षक उत्तम काम करतात. संकोच आणि अनिच्छा यांत मात्र फरक आहे, आणि तो तिच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. तिची इच्छा असेल, तर पदवी पूर्ण झाल्यावर तिने एखाद्या अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली काही महिने केवळ मदतनीस म्हणून काम करावे : मागच्या रांगेकडे लक्ष ठेवावे, आरोग्याची माहिती भरून घ्यावी, अधूनमधून एखादेच आसन शिकवून पाहावे. प्रमाणपत्राचा विचार त्यानंतर करता येईल. तिची इच्छा नसेल, तर तिने तिच्या विषयात पुढे काय करायचे यावर आपण स्वतंत्रपणे बोलू, आणि त्यात योगाचा उल्लेखही नसला तरी चालेल.

तूर्त ज्यांनी नावे दिली आहेत, त्यांना हा वर्ग सुरू होत नसल्याचे तुम्ही स्वतः कळवावे आणि आगाऊ रक्कम घेतली असल्यास ती परत करावी. ते काम मुलीवर टाकू नका. पुढचे पत्र तिचे यावे. ते पाठवण्याआधी तुम्ही वाचू नये, अशी माझी विनंती आहे.