गावातून महायुद्धात गेलेल्या सैनिकांवर शाळेत प्रकल्प कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, आठवी-नववीच्या मुलांना घेऊन तिच्यावर काहीतरी करायचंय, पण भाषणं आणि समूहगीतापलीकडे काही सुचत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो, आमच्याही गावात अशी पाटी आहे, म्हणून जे कामाचं वाटतं ते सांगतो.

पाटी मुलांना नीट वाचू द्या. बहुतेक ठिकाणी मजकूर एवढाच असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. मग मुलांना विचारा, हे होते कोण? तुमचा प्रकल्प हाच. त्या आकड्याची नावं करायची. (१९१९ का, असं कुणीतरी विचारणारच. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली, पण जर्मनीशी तह झाला जून १९१९ मध्ये.)

नावं शोधायची पहिली जागा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सुमारे १७ लाख लोकांच्या नोंदी आहेत आणि शोधायला पैसे पडत नाहीत. नुसतं आडनाव टाकलंत तर वैतागाल. पवारचा 'पोवार', जाधवचा 'जाधाव' किंवा 'जादव', कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं स्पेलिंग. त्यापेक्षा 'अधिक माहिती' या रकान्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव टाका. अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, जिल्हा सातारा, असं बऱ्याच नोंदींत असतं. रायगडवाल्यांनी 'कुलाबा' टाकून पाहायचं, तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. कोकणातले असाल तर फक्त पलटणी बघून थांबू नका. बोटीवरच्या खलाशांची वेगळी यादी आहे, त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. आणि या वेबसाइटवर फक्त मेलेले सापडतात. जे परत आले ते घरोघरी फिरूनच शोधावे लागतात.

आपल्याकडच्या पुष्कळ नोंदींपुढे 'बसरा मेमोरियल' (इराकमधलं युद्धस्मारक) दिसेल. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी इराकमध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर होत्या. तिथल्या कुत-अल-अमारा या गावात या फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला, अन्न संपल्यावर, फौज शरण गेली. घोड्याचं मांस खायला आपले शिपाई कित्येक दिवस तयार नव्हते, उपाशी राहिले. हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो आणि मग प्रश्नांचा भडिमार होतो. कैद झालेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यांतल्या अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. नोंदीतली मृत्यूची तारीख या वेढ्याच्या आधीची आहे की नंतरची, एवढं जरी मुलांनी ताडून पाहिलं तरी त्या माणसाचं काय झालं असेल याचा अंदाज यायला लागतो.

त्या बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती. गोऱ्या सैनिकांची नावं, आणि यांच्या पलटणीपुढे नुसता आकडा, आपल्या गावच्या पाटीसारखाच. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच चौकशी अहवाल काढून या दुजाभावाबद्दल माफी मागितली. हा भाग मुलांपासून लपवू नका. आपण हे काम का करतोय, हे त्यांना यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही प्रस्तावनेतून कळत नाही.

आता घरं. मुलांना प्रश्नावली देऊन पाठवलंत तर "आजोबा शूर होते" एवढंच उत्तर येईल. वस्तूंबद्दल आणि व्यवहाराबद्दल विचारायला सांगा. मनीऑर्डर कोणाच्या नावाने यायची? पत्र वाचून कोण दाखवायचं? पेन्शन आणायला कुठे जावं लागायचं? ट्रंकेत काय आहे? एका घरी तांब्यावर झाकण म्हणून ठेवलेली जड काशाची चकती निघाली. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, सिंहाचं आणि ब्रिटानियाचं (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) चित्र, कडेला इंग्रजी ओळ आणि चौकटीत पणजोबांचं नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला सरकार ही चकती द्यायचं. तिच्यावर हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, सुभेदार असो की शिपाई. त्या काळच्या पदकांच्या कडेवरही बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण असते, तिथे भिंग न्या. पदक घासूनपुसून चकचकीत करू देऊ नका, त्या कडेवरची अक्षरंच झिजतात.

"पण ते तर इंग्रजांसाठी लढले ना, सर?" हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. मी त्याला देशभक्तीचा मुलामा देत नाही, आणि भाडोत्री म्हणून झटकूनही टाकत नाही. महिन्याला ११ रुपये पगार, घरी कोरडवाहू जमीन, डोक्यावर सावकार, आणि काही घराण्यांत पलटणीत जायची रीतच. शिवाय १९१७ मध्ये १११ नंबरची महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्ये मोडली. त्या माणसांना पलटणीतून काय हवं होतं, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा मोठा आहे. वर्गात यावर वाद होऊ द्या.

प्रत्येक मुलाने 'आपल्या घरातला' सैनिक आणलाच पाहिजे अशी अट मात्र घालू नका. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना नाहक उपरं वाटतं. यादीतलं एकेक नाव एकेका मुलाला वाटून द्या, नात्याचा संबंध नको. १९६२, ६५, ७१ किंवा कारगिलमधला कुणी निघाला तर उत्तमच, दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर ती नावं आहेत. अशा घरी हयात वीरपत्नी असतील तर आधी मोठ्यांनी जाऊन विचारून यावं.

कार्यक्रम ११ नोव्हेंबरला ठेवू नका, बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे येतो. ७ डिसेंबर घ्या. सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, निधीचा डबा शाळेत येतोच, आणि कुतचा वेढाही त्याच तारखेला पडला होता. पाटीपाशी जमायचं, प्रत्येकाने एक नाव, गाव, पलटण आणि मृत्यूची जागा वाचायची. अर्ध्या तासात आटपा. पाहुणे बोलवायचे तर माजी सैनिकांना बोलवा, पण त्यांना खुर्ची द्या, माइक आग्रहाने नको. जी नावं सापडली नाहीत त्यांच्या जागा यादीत मोकळ्या ठेवा आणि यादीची प्रत ग्रामपंचायतीत लावा. पुढच्या वर्षी कुणीतरी येऊन सांगतं, अहो, तो आमचा चुलत पणजोबा.

आदल्या दिवशी पाटी साफ कराल तेव्हा साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिड अजिबात नको. सरपंच अक्षरं ठळक करायला ऑइलपेंट आणतील, तो डबा गोड बोलून परत पाठवा.