शिकागोचा हिवाळा आणि सासू-सासरे: घरात कोंडून घ्यायची काही गरज नाही

तुझा प्रश्न वाचून मला माझा इथला पहिला डिसेंबर आठवला. ऑगस्टमध्ये शिकागोत आलीस, सासू-सासरे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येऊन फेब्रुवारीपर्यंत राहणार, लेक पाच वर्षांची, आणि भेटेल तो मराठी माणूस म्हणतोय की अगं हिवाळ्यात कशाला बोलावलंस, आता तीन महिने टीव्हीसमोर बसून कंटाळतील बिचारे. (तूच म्हणते हं, वयाने बरीच मोठी असणार मी.) मला इथे बरेच हिवाळे झाले. मी नाशिकची, त्यामुळे थंडी आपल्याला काय नवीन असा माज घेऊन आले होते, तो पहिल्याच जानेवारीत उतरला. पण माझी आई दोनदा आली ती दोन्ही वेळा हिवाळ्यातच, आणि आम्ही मायलेकींनी मनसोक्त भटकून घेतलं, तेव्हा जमतं, नक्की जमतं.

फक्त तू विचारलंयस तशा इनडोअर आणि आउटडोअर अशा दोन याद्या करू नकोस. सगळे तिथेच फसतात. मग ऊन दिसलं की आज आउटडोअर डे म्हणून सगळे बाहेर आणि चाळीस मिनिटांत पोरगी रडतेय, सासूबाई गप्प झाल्यात (गप्प झाल्या की समजायचं पाय गारठलेत) आणि पार्किंग लांब. त्यापेक्षा आधी उबेच्या जागा ठरवायच्या आणि बाहेरचं जे काही बघायचं ते दोन उबेच्या जागांच्या मधे बसवायचं, पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मी तर कुठेही जायचं म्हटलं की पहिलं हेच बघते की तिथून आत कुठे शिरता येईल.

डाउनटाउनचंच घे. डेली प्लाझात पिकासोचं ते अवाढव्य लोखंडी शिल्प आहे, त्याच्या पायथ्याशी नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत जर्मन पद्धतीचा बाजार भरतो, क्रिस्टकिंडलमार्केट. १९९६ पासून चालू आहे, प्रवेश फुकट, लाकडी टपऱ्या, काचेचे दागिने, भाजलेले बदाम. लेकीला हॉट चॉकलेट घेऊन दे, ते दरवर्षीच्या नव्या मगमधून मिळतं आणि तो मग घरीही नेता येतो, आमच्याकडे आता एवढे साठलेत की एकात कढीपत्त्याची फांदी ठेवलीय. वीकेंडला मात्र चुकूनही जाऊ नकोस, तुळशीबागेतली दिवाळीची गर्दी परवडली. वर्किंग डेला दुपारी तीनच्या सुमारास जा. बोटं गार पडायला लागली की एक ब्लॉक चालून स्टेट स्ट्रीटच्या मेसीज या भल्या मोठ्या दुकानात शिरायचं. पूर्वीचं मार्शल फील्ड्स ते, जुने शिकागोकर अजून त्याच नावाने ओळखतात. खिडक्यांची सजावट बाहेरून बघून झाली की आत सातव्या मजल्यावर वॉलनट रूम, १९०७ पासूनचं रेस्टॉरंट, मधोमध भला मोठा ख्रिसमस ट्री. तिथे जेवायलाच हवं असं नाही, लाइन भयंकर असते, झाड बघून खाली आलं तरी चालतं.

एक गंमत सांगते, डिसेंबरात इथे सव्वाचार-साडेचारला अंधार पडतो म्हणून लोक रडतात, पण लहान मूल आणि म्हातारी माणसं बरोबर असली की तोच फायदा. पाचला सगळी रोषणाई बघून होते आणि सातला घरी वरणभात.

तिथून पुढे मिलेनियम पार्क. बीन म्हणतात ते चकचकीत शिल्प ज्यांनी केलं ते अनिश कपूर मूळचे मुंबईचे, सासऱ्यांना सांग, बरं वाटेल त्यांना. बीनच्या खालच्या बाजूलाच स्केटिंगचं बर्फाचं मैदान आहे. स्वतःचे स्केट्स असले तर फुकट, नाहीतर भाड्याने मिळतात, पण स्लॉट ऑनलाइन बुक करून ठेव. जवळच मॅगी डेली पार्कमध्ये तर गोल मैदान नाहीच, चारशेएक मीटरची बर्फाची वळणावळणाची वाट आहे, मला ती जास्त आवडते. आमचे हे पहिल्यांदा गेले तेव्हा अख्खा राउंड कठड्याला धरून मारला आणि बाजूने चार वर्षांची पोरं उलट्या दिशेने सरकत जात होती. आजी-आजोबांनी तेवढा वेळ थंडीत उभं राहायचं कारण नाही, मिशिगन अॅव्हेन्यू ओलांडला की समोर शिकागो कल्चरल सेंटर. १८९७ ची इमारत, पूर्वी शहराची लायब्ररी होती, आत टिफनीच्या काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट आहे, बसायला जागा, स्वच्छ बाथरूम, आणि सगळं फुकट. बाथरूमचं मुद्दाम सांगतेय, थंडीत याचंच प्लॅनिंग जास्त लागतं.

आर्ट इन्स्टिट्यूटला पूर्ण दिवस दे. दारातल्या दोन ब्राँझच्या सिंहांच्या गळ्यात नाताळच्या दिवसांत हिरवे गोल हार घालतात, माझी आई म्हणाली अगोबाई, पोळ्याचे बैलच की गं! तेव्हापासून आमच्या घरात ते पोळ्याचे सिंहच झालेत. सासऱ्यांना आधी सांगून ठेव की स्वामी विवेकानंद ११ सप्टेंबर १८९३ ला बोलले ते याच इमारतीत. तेव्हाचा तो हॉल आता तसा राहिलेला नाही, पण बाहेर मिशिगन अॅव्हेन्यूवर स्वामी विवेकानंद वे अशी पाटी आहे, तिच्याखाली फोटो काढल्याशिवाय कोणाचेच बाबा हलत नाहीत. २०१० मध्ये मुंबईचे जितीश कल्लाट यांनी तेच भाषण दिव्यांच्या अक्षरांत आतल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर मांडलं होतं, मी तेव्हा बघितलंय, वाचत वाचत जिना चढायचा, अंगावर काटा आला होता. लेकीसाठी तळघरात थॉर्न मिनिएचर रूम्स आहेत, ६८ चिमुकल्या खोल्या, बाहुलीच्या घरासारख्या पण भयानक बारकाईने केलेल्या, तिथून ती निघायचीच नाही. चौदा वर्षांखाली तिकीट नाही.

तिकिटांवरून आठवलं. जानेवारी-फेब्रुवारीत बरीच म्युझियम्स इलिनॉयच्या रहिवाशांसाठी फ्री डेज ठेवतात, तुम्ही दोघं इथला पत्ता असलेलं आयडी दाखवून जाल पण सासू-सासऱ्यांचं तिकीट काढावंच लागेल, पाहुणे त्यात बसत नाहीत. मी आईला घेऊन मोठ्या तोऱ्यात गेले होते आणि काउंटरवर पोपट झाला. आणि फ्री डेला गर्दी इतकी की मी तर म्हणेन आजी-आजोबांबरोबर पैसे भरूनच शांत दिवशी जा.

सायन्स अँड इंडस्ट्रीचं म्युझियम दक्षिणेला लांब आहे पण सासऱ्यांसाठी जरूर जा. दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला पकडलेली खरीखुरी जर्मन पाणबुडी, यू-५०५, आत ठेवलीय. इमारतही १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली, विवेकानंद बोलले ती परिषद त्याच निमित्ताने भरली होती. नाताळात आत देशोदेशीचे सजवलेले ख्रिसमस ट्री असतात. फील्ड म्युझियम आणि शेड अॅक्वेरियम तुला माहीत असेलच, त्यावर कोणीही सांगेल. एकच, तो सगळा भाग मिशिगन तळ्याला लागून आहे आणि वारा असा येतो की चेहऱ्यावर कोणी ओल्या टॉवेलने फटका मारावा, त्यामुळे तिथे चालत फिरायच्या भानगडीत पडू नकोस, दारापर्यंत गाडी. अॅडलर प्लॅनेटेरियमच्या समोरून शहराची स्कायलाइन मात्र पाच मिनिटं उतरून बघाच. आणि तळ्याच्या काठाचा बर्फ कितीही जमिनीसारखा दिसला तरी त्यावर पाय ठेवायचा नाही, खाली पोकळ असतो, दरवर्षी सांगतात तरी लोक सेल्फीला जातात.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा. गारफिल्ड पार्क कॉन्झर्व्हेटरी. १९०८ चं काचेचं प्रचंड मोठं हरितगृह, ग्रीन लाइन या लोकल गाडीचं स्टेशन अगदी शेजारी. आई जानेवारीत आली होती, आठ दिवस बर्फ, पांढरं नाहीतर करडं, तिसरा रंगच नाही, ती म्हणायला लागली होती की गं, झाडं मेलीत का सगळी. तिला घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि तिचा चष्मा फटकन पांढरा झाला, काही दिसेना, तशीच उभी राहिली आणि म्हणाली, मातीचा वास येतोय. मग पदराने चष्मा पुसला (स्वेटर, त्यावर कोट, त्यातून पदर ओढून काढायला दोन मिनिटं गेली) आणि समोर केळ! हात लावून बघितला तिने पानाला, खरंच आहे ना म्हणून. मग फर्न रूममध्ये पाण्याजवळ कोट काढून तासभर नुसत्या बसून राहिलो. त्या ट्रिपमधलं तिला हेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं, विलिस टॉवरची ती उंच इमारत वगैरे विसरली. तुझ्या सासूबाईंना बागेची आवड असेल तर महिन्यातून दोनदा ने. सोमवार-मंगळवार नको, उघडं असल्याचे दिवस बघून जा.

लिंकन पार्क झू वर्षभर फुकट, आणि उलट थंडीतच जायचं, कारण ध्रुवीय अस्वलं आणि जपानी बर्फातली माकडं तेव्हाच खरी मजेत असतात, उन्हाळ्यात नुसती लोळत पडतात. पाच मिनिटं माकडं, मग गोरिलांच्या घरात शिरून गरम व्हायचं, मग परत बाहेर. संध्याकाळी दिव्यांचा कार्यक्रम असतो त्याला तिकीट लागतं.

बर्फ चांगला पडला की घसरगुंडी. माँट्रोजजवळच्या टेकडीचं नाव चक्क क्रिकेट हिल, क्रिकेट कोणी खेळत नाही पण स्लेड (बर्फावरची घसरगाडी) घेऊन झुंबड. वीस डॉलरची प्लॅस्टिकची स्लेड डिसेंबरच्या आत घे, पहिल्या स्नोनंतर दुकानात मिळत नाही.

पायी चालवत नसेल तेव्हा ब्राउन लाइनची लोकल. सासऱ्यांचे गुडघे दुखतात असं लिहिलंयस ना, मग किंबॉल या शेवटच्या स्टेशनहून गाडीत बसवायचं, डाउनटाउनमधल्या अख्ख्या लूपला वळसा घालून त्याच गाडीने परत. लोकांच्या मागच्या अंगणातून, नदीवरून, इमारतींच्या तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून गाडी जाते, गरम डब्यात बसून शहरदर्शन, टूर बसची गरज नाही. प्लॅटफॉर्मवर छताला लाल हिटर असतात, ते आपोआप लागत नाहीत, खांबावर बटण असतं ते दाबायचं, मी पहिली दोन वर्षं त्याच्याखाली कुडकुडत उभी होते आणि हे बंद का म्हणून चिडत होते. डिसेंबरात सीटीएची, म्हणजे या लोकल चालवणाऱ्या संस्थेची, हॉलिडे ट्रेन असते, दिव्यांनी मढवलेली, मधल्या उघड्या डब्यावर सांताक्लॉज बसलेला, नेहमीच्याच तिकिटात. लेकीला दाखव.

जानेवारीत तिळगूळ समारंभ असतोच, इथलं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं आहे, आत्ताच नावं नोंदव, सासूबाईंना बोलायला चार समवयस्क मिळतील आणि ते कोणत्याही म्युझियमपेक्षा जास्त लागतं. मधून मधून आपल्या देशी दुकानांच्या डेव्हॉन अॅव्हेन्यूला चहा, भाजी आणि पाणीपुरी.

काही दिवस मात्र खरंच बाहेर पडायचं नाही. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे ३१ सेल्सियस झालं होतं, शाळा बंद, टपालसुद्धा आलं नाही, आणि लोकलच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी आगीच्या ज्वाळा पेटवलेल्या होत्या. असे दिवस मोजके असतात, एरवी जानेवारीत दुपारी शून्याच्या आसपास. विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा बघायचा, नुसतं तापमान नाही. त्या दिवशी थालीपीठ, पत्ते आणि घरातल्या कोरड्या हवेसाठी ह्युमिडिफायर, नाहीतर नाकातून रक्त येतं आणि घरात सगळे घाबरतात.

गाडीचं, १ डिसेंबर ते १ एप्रिल बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर पहाटे तीन ते सात पार्किंग बंद असतं, बर्फ असो नसो. पाटी मी वाचली होती, पण बर्फ नाही तर काय होतंय म्हटलं. सकाळी गाडी गायब. आणि कोणी फावड्याने साफ केलेल्या जागेत मोडकी खुर्ची ठेवली असेल तर ती हलवू नकोस, ती त्याची जागा.

कपड्यांचं शेवटी लिहितेय पण आधी तेच कर. भारतातून जाडजूड स्वेटर आणू देऊ नकोस, बॅगेचं वजन फुकट. आतून थर्मल, मधे फ्लीस, वरून वारा अडवणारा लांब कोट. साडीच नेसणार असतील तर आत थर्मलची लेगिंग, आमच्या आईने दोन्ही हिवाळे तसेच काढले. माकडटोपी चालते, कोणी हसत नाही, इथे सगळेच डोळे तेवढे उघडे ठेवून फिरतात. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन (चार बोटं एकत्र मावतात ते) गरम. पण खरा पैसा बुटांवर घाल, वॉटरप्रूफ, तळ न घसरणारा, आणि एक नंबर मोठा, आत लोकरीचा मोजा मावायला हवा. भारतातला नंबर इथे चालत नाही, म्हणून आज रात्री फोन करशील तेव्हा दोघांनाही कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखायला सांग आणि टाच ते अंगठा सेंटिमीटरमध्ये मोजून घे. सासूबाई म्हणतील मला चपला पुरतात, तरी घे.