पहिलंच प्रेझेंटेशन, पंधरा मिनिटं आणि समोर प्राध्यापक मंडळी: माझा अनुभव

सर, आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की एज्युकेशनल टेक्नॉलॉजीच्या (शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या) कॉन्फरन्समध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा गोषवारा, निवडला गेलाय, पंधरा मिनिटं मिळालीत, त्यात काय दाखवू, इंग्रजी फारसं बोलता येत नाही तर चालेल का, आणि प्राध्यापक लोकांनी आडवे प्रश्न विचारले तर काय करू. मी पाटण तालुक्यातल्या आमच्या सातवीपर्यंतच्या जि.प. शाळेतलं काम घेऊन आतापर्यंत चार ठिकाणी जाऊन आलेय, तेव्हा माझ्या बाबतीत जे झालं तेच सांगते.

पहिल्या वेळी मी सगळ्या स्लाइड श्रीलिपीत टाइप केल्या होत्या, कारण शाळेतली सगळी पत्रं त्यातच व्हायची. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता, त्यामुळे पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द वाचता येईना. त्यात उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार असं करत कार्यक्रम दोन तास लांबला होता म्हणून पंधराची आठ मिनिटं झाली, आणि जो व्हिडिओ यूट्यूबवरून लावायचा होता तो वायफाय चालत नसल्यामुळे उघडलाच नाही. तेव्हा हात कापत होते माझे. पण पर्समध्ये वर्गात वापरलेल्या खराट्याच्या काड्या होत्या, त्या काढल्या. दोन लांब काड्यांचा एक कोन केला, दोन आखूड काड्यांचा तेवढाच दुसरा कोन केला, दोन्ही वर धरले आणि विचारलं, "यातला मोठा कोणता?" हॉलमध्ये मागं जे आपापसात बोलत होते तेही बघायला लागले.

कारण माझा विषयच तो होता. सहावीत कोन शिकवला की मुलं कोनमापक लावून माप बरोबर सांगतात, पण मनात मात्र पक्कं असतं की भुजा लांब म्हणजे कोन मोठा. माझ्या वर्गात २३ पैकी १४ जणांनी लांब काड्यांचा कोन मोठा सांगितला होता, एक मुलगा तर म्हणाला, "बाई, डोळ्याला दिसतोय की!" मग टॅबवर जिओजेब्रात, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढायच्या अ‍ॅपमध्ये, कोन काढून दिला, भुजेचं टोक बोटानं ओढत लांब न्यायचं आणि शेजारचा आकडा बघायचा. ४० चा ४०च राहतो. मुलांनी टॅबच्या कडेपर्यंत भुजा ओढून बघितल्या, आकडा हलेना, आणि मग भुजा फिरवली तेव्हा हलला. तो क्षण मी त्या आठ मिनिटांत सांगितला, बाकी सगळं राहून गेलं, आणि नंतर चहाच्या वेळी जे लोक भेटायला आले ते सगळे त्याबद्दलच बोलत होते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे, की अ‍ॅप दाखवू नका, मुलांची अडचण दाखवा. अ‍ॅपची बटणं लोकांना घरी जाऊन कळतात. मूल आधी काय चुकत होतं, नेमकं कशामुळे चुकत होतं, तंत्रज्ञानामुळे त्याला असं काय दिसलं जे फळ्यावर दिसत नव्हतं, एवढं एकच नीट सांगा. माझं म्हणणं, तुमच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमधल्या पाच उपक्रमांतला एकच घ्या, बाकीचे कोणी विचारलं तर सांगता येतील. आणि मुलांच्या वह्या सोबत न्या, खऱ्या, खाडाखोड असलेल्या. त्या हातात घेऊन लोक जेवढं बघतात तेवढं स्लाइडकडे बघत नाहीत.

तयारीचं म्हणाल तर सगळं युनिकोडमध्ये टाइप करा, ते कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येतं, मुक्त (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात, आणि एक पीडीएफ कॉपी ठेवाच. पीडीएफमध्ये व्हिडिओ चालणार नाही, तो वेगळा पेनड्राइव्हवर. प्रोजेक्टरला केबल व्हीजीए आहे की एचडीएमआय ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. नेट मिळणार नाही असंच धरून चाला. आठ मिनिटांचंही एक व्हर्जन तयार ठेवा, लागतंच. ऑन ड्युटीचं पत्र, म्हणजे तो दिवस कामाचाच धरल्याचं, आत्ताच मागून घ्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

मुलांचे फोटो लावताना मात्र थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, आणि कायद्याचं सोडलं तरी पालकाला विचारल्याशिवाय त्याच्या लेकराचा चेहरा चारशे लोकांसमोर लावणं मला पटत नाही. मी हातांचे आणि वह्यांचे फोटो लावते.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. मी आयोजकांना आधीच मेल केला होता की स्लाइडवरचे मथळे इंग्रजीत ठेवते पण बोलणार मराठीत, त्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या एका ठिकाणी परराज्यातले लोक जास्त होते तिथं हिंदीत बोलले. जी मुलं मराठीत शिकली त्यांची वाक्यं मराठीतच सांगायला हवीत, "डोळ्याला दिसतोय की" याचं इंग्रजी करून त्यातला जीव जातो.

आता प्रश्न. मला पहिल्याच वेळी एका प्राध्यापकांनी विचारलं, कंट्रोल ग्रुप होता का, म्हणजे तुलनेसाठी टॅबशिवाय शिकलेला दुसरा गट? मी सरळ सांगितलं, नव्हता, एका इयत्तेची एकच तुकडी आहे, आणि तीन आठवड्यांनी मुलांना पुन्हा काड्यांचा तोच प्रश्न विचारला तेव्हा चुकलेल्या १४ पैकी ११ जणांनी बरोबर सांगितलं, तिघं अजून चुकत होते. त्या तिघांबद्दल सांगितलं म्हणूनच बहुतेक त्या प्राध्यापकांनी नंतर बसवून घेऊन पुढच्या वेळी चाचणी कशी आखायची ते समजावलं. न जमलेलं लपवू नका सर, तिथं सगळे यशोगाथाच घेऊन आलेले असतात, खरं ऐकायला लोक आसुसलेले असतात.

दुसरा प्रश्न हमखास येतो की साधनं दिली म्हणजे शिक्षण सुधारतं का. याला तयार राहा. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या, प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या, कार्यक्रमाचे लॅपटॉप आले होते, भारतातला तो सुरुवातीचा प्रयोग. याच कार्यक्रमाचा पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला, २०१२ मध्ये निष्कर्ष आले, मुलांच्या हातात कॉम्प्युटर खूप वाढले पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. असर २०२४ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीतही १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पण त्यांतले आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. मी हे स्वतःहून सांगते आणि मग म्हणते की माझ्या वर्गात टॅब एका तासिकेत वीस मिनिटंच हातात होता, त्याच्या आधी काड्या होत्या आणि नंतर चर्चा होती.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते एका आश्रमशाळेचे सर. म्हणाले, मॅडम, आमच्याकडे टॅब नाहीत, माझा एकच मोबाईल आहे, मी काय करू? त्यांना तिथंच बसून माझ्या फोनमधलं जिओजेब्रा विना नेट चालवून दाखवलं, पाच-पाच मुलांचे गट कसे करायचे ते बोललो. पुढच्या महिन्यात त्यांनी तासाचा व्हिडिओ पाठवला, मुलं फोन मध्ये ठेवून ओणवी झालेली, आणि एक मुलगी ओरडतेय "बदलत नाही, बदलत नाही!" तो व्हिडिओ मी अजून ठेवलाय.

या महिन्याच्या आपल्या केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडून पंधरा मिनिटं मागून घ्या आणि एकदा घड्याळ लावून करून बघा. नंतर पाच स्लाइड मला पाठवा, रविवारी निवांत बघते.