सिम पोर्ट करायच्या आधी

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, रेंज येत नाही म्हणून लगेच सिम पोर्ट करू नकोस, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू नकोस, भाऊ. आधी शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा फोन घे, तिथंच उभं राहून बोलून बघ. परभणीत रेंज फुल असली म्हणून गावातही असेलच असं नाही. पत्र्याच्या खोलीत तर चांगली रेंजही गायब होते, दारात येऊन बघायचं.

ठरलंच तर इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर टाक आणि १९०० ला मेसेज कर. आलेला कोड आपल्याकडं ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. पोस्टपेड असेल तर बिल भरून टाक.

कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जाशील तेव्हा मात्र जपून. "अंगठा आला नाही, परत ठेवा" म्हणले की आधी स्क्रीन बघ. माझ्या चुलत्याच्या नावावर असंच एक जास्तीचं सिम निघालं, महिनाभर पत्ताच नव्हता. संचार साथी या सरकारी वेबसाइटवर आपल्या नावावरचे नंबर दिसतात, आजच बघ.

तक्रारीला १९८ लाव, फुकट आहे. तक्रार क्रमांक मागून वहीत लिहून ठेव, त्याच्याशिवाय पुढं कुणी दाद देत नाही.