निवडताना तोल पाहा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

केज तालुक्यातील ज्येष्ठांचे पडणे टाळण्यासाठी तीनपैकी कोणता कार्यक्रम घ्यावा हे ठरेना, म्हणून तू पाठवलेला तक्ता पाहिला. त्यात खर्च आहे, कालावधी आहे, रंगीत पुस्तिकाही आहे. माणसाला उभ्याने तोल सावरावा लागतो की नाही, हा रकाना मात्र नाही. बाकीचे रकाने नंतर भर.

व्याख्यानमाला आजच वगळ. नुसत्या माहितीने पडणे थांबत नाही. सकाळचा फेरफटका रक्तातील साखरेसाठी उत्तम, परंतु केवळ चालण्याने पडणे कमी होते याला भक्कम पुरावा नाही. राहिला खुर्चीवरचा योग. अगं, खुर्चीत बसलेल्याचा तोल खुर्ची सांभाळते! तोल डळमळल्याशिवाय तो सावरण्याची सवय पायांना लागणार कशी?

कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात शंभराहून अधिक चाचण्या तपासल्या आहेत. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते आणि तोलाच्या व्यायामाला पायांच्या ताकदीची जोड दिली की ही घट आणखी वाढते, असे त्यात दिसते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील घरगुती व्यायामक्रम याच जातीचा आहे: घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला लावून उभे राहणे, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. घोट्याला वाळूची पिशवी चालते. आजीबाई प्रथम ओट्याची कड दोन्ही हातांनी धरतात, काही आठवड्यांनी दोन बोटे टेकवतात, मग एकच, आणि ते बोट उचलले की पायाची बोटे फरशीला घट्ट धरू पाहतात. ते क्षण मोजण्यासारखे असतात. शेजारी कोणीतरी उभे हवेच; आणि ज्यांना उठताना घेरी येते किंवा झोपेची गोळी चालू आहे, त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठव.

माझा असाच एक वर्ग एका संस्थेने बंद केला, कारण मूठभर माणसे ओट्याला धरून उभी, यात छायाचित्रासारखे काही नव्हते. मला हेकेखोर म्हटले गेले, अजूनही म्हणतात. म्हणोत. शिबिराला मांडव घालून गर्दी जमवणे मलाही जमले असते, पण त्या गर्दीतील एकाचाही तोल सुधारला नसता.

तुझ्या भागात दिवाळीच्या सुमारास मुले-सुना ऊसतोडीला जातात आणि नातवंडांसह पाण्याच्या घागरीही म्हाताऱ्यांच्या अंगावर पडतात. हे बळ दोन आठवड्यांत येत नाही, त्यामुळे आषाढात पेरण्या उरकताच सुरुवात कर आणि फड संपून माणसे परतेपर्यंत खंड पडू देऊ नकोस. गावातील आशाताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांना, आधीच विश्वासात घे.

उद्या आयोजकांना एवढेच विचार, की तिसऱ्या महिन्यातला व्यायाम पहिल्या दिवसापेक्षा कशाने अवघड असेल. त्यांना सांगता आले नाही, तर तो तक्ता मला पुन्हा पाठवू नकोस.