ओट्यावरचा उजेड आणि तीन हजारांचा हप्ता

सांगलीच्या गावभागातून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर असल्यामुळे भाजी चिरताना त्यांचीच सावली हातावर पडते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि संध्याकाळी तांदूळ निवडताना त्यांना खडे दिसत नाहीत. मॉड्यूलर किचनवाल्याने वरच्या कपाटांखाली लाइट, ट्रॉल्यांमध्ये सेन्सरचे दिवे आणि मोबाइलवरून रंग बदलायची सोय असं सगळं मिळून ३६,००० सांगितलेत. 'नो कॉस्ट' हप्ता महिना ३,००० चा, बारा महिने. रोख दिले तर ३३,०००. नाहीतर २०१९ च्या पुरानंतर जमवलेली दीड लाखाची एफडी मोडायची का, असं त्या विचारतात. जाता जाता लिहितात, चार-पाच वर्षांत विश्रामबागेत फ्लॅट घ्यायचा विचार आहे.

ताई, उजेड हवाच. त्यात चैन काही नाही, सुरी हातात असताना अंधार नको. पण उजेडाची किंमत वेगळी आणि त्या पॅकेजची वेगळी.

आधी हप्ता. रोखीत ३३,००० आणि हप्त्याने ३६,०००, म्हणजे वरचे ३,००० हे व्याजच झालं. दिसायला ते नऊ टक्के दिसतं. पण मुद्दल तुम्ही दरमहा फेडत जाणार, वर्षभर पूर्ण ३३,००० वापरायला मिळणारच नाहीत. तसा हिशेब मांडला तर व्याज वर्षाला सोळा टक्क्यांच्या वर जातं. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर बहुधा प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजावर १८ टक्के जीएसटीही. 'नो कॉस्ट' हे फक्त नाव.

एफडीला हात लावू नका. मोडली तर जितके दिवस ठेव राहिली तेवढ्याच मुदतीचा दर मिळतो आणि वर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का दंड कापतात. पण माझी खरी अडचण दंडाची नाही. गावभागात राहून २०१९ आणि पुन्हा २०२१ पाहिलेल्या माणसाला तो पैसा कशासाठी आहे हे मी काय सांगायचं!

आता उजेड. तुमच्या वरच्या कपाटांची लांबी नऊ फूट, म्हणजे तीन मीटरला थोडी कमी. मीटरला दहा वॅटची एलईडी स्ट्रिप, ती बसवायला दुधी झाकणाचं अॅल्युमिनियम प्रोफाइल (पन्हळीसारखी पट्टी), घरची वीज स्ट्रिपला झेपेल अशी करून देणारा चाळीस वॅटचा ड्रायव्हर, वायर, स्विच आणि वायरमनची मजुरी. आजच्या बाजारात हे साधारण सहा-सात हजारांत बसतं. दुधी झाकण वगळू नका. तुमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, उघडी स्ट्रिप लावली तर त्यात दिव्यांचे ठिपके आरशासारखे दिसत राहतील. स्ट्रिप कपाटाच्या पुढच्या कडेला घ्या. मागे भिंतीलगत लावली तर टाइल्स उजळतात आणि चिरायची जागा मंदच राहते. उजेडाचा रंग ४००० केल्विनच्या आसपास, म्हणजे पांढरा आणि पिवळसर यांच्या मधला, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) नव्वदच्या वर मागा, म्हणजे हळद हळदीसारखी दिसेल. सांगलीकरांना याहून जास्त सांगायला नको.

पैसे वाचवायचे तर स्ट्रिपमध्ये वाचवा, ड्रायव्हर आणि वायरिंगमध्ये नको. एलईडीच्या आधी बहुधा ड्रायव्हरच जातो. पुष्कळ सुतार तो सिंकखालच्या कपाटात नाहीतर फळीच्या मागे ठोकून बंद करतात. सिंकखाली ओल असते आणि फळीमागे उष्णता कोंडते. शिवाय बदलायचा झाला की फळी उचकटावी लागते. तो वरच्या कपाटाच्या डोक्यावर, हात पोहोचेल असा ठेवायला सांगा, आणि वायरही खालून न आणता वरून उतरवा. तुमच्या पुराच्या भागात हे सगळ्यात आधी बघायला हवं.

ट्रॉल्यांमधले सेन्सर आणि मोबाइलवरचे रंग मी सरळ खोडतो. पाच वर्षांनी तुम्ही घर सोडणार, ट्रॉलीत खाचा पाडून बसवलेलं काहीच बरोबर येणार नाही. स्क्रूने लावलेलं प्रोफाइल मात्र उतरवून नेता येतं. फ्लॅट दोनच वर्षांत घ्यायचा असेल तर स्ट्रिपही नको, कपाटाखाली दोन टी-५ बॅटन, म्हणजे बारीक तयार एलईडी ट्यूब, लावा. ते थेट घरच्या विजेवर चालतात, ड्रायव्हर वेगळा लागत नाही, आणि मजुरी धरून दोन-अडीच हजारांत काम होतं.

'वीज वाचेल' असं किचनवाला म्हणाला असेल तर ते कानाआड करा. तीस वॅट रोज चार तास म्हणजे वर्षाला चव्वेचाळीस युनिट. हा नवा दिवा आहे, बिलात थोडी भरच पडेल.

महिना सहा हजार शिल्लक राहतात असं तुम्ही लिहिलंय. मग दोन पगारांत, रोखीने, पक्क्या बिलावर घ्या, आणि ड्रायव्हरची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. त्याआधी एक करा. शेजाऱ्यांकडून किंवा वायरमनकडून एखादा बॅटन मागून आणा, एक्स्टेन्शन लावून संध्याकाळी सातला कपाटाखाली धरा आणि सासूबाईंना ताटात तांदूळ द्या. पांढरा हवा की पिवळसर, ते त्याच सांगतील.