गोचिडीची ‘रोगप्रतिकारशक्ती’ आणि रोमन सैनिकाची माफी

गोचिडीच्या शरीरातील सहजीवी, म्हणजे तिच्यातच कायम वस्ती करून राहणाऱ्या, जीवाणूंविषयी लिहिताना इंग्रजी ‘इम्युनिटी’साठी ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हणावे की ‘प्रतिरक्षा’, असा प्रश्न आला आहे. ‘प्रतिरक्षा’ म्हणावे. जो जीवाणू मुळात रोगच नाही, त्याच्याशी असलेला व्यवहार सांगताना ‘रोग’ आणि ‘शक्ती’ हे दोन्ही शब्द आगंतुक आहेत. ‘सहजीवी जीवाणूंमुळे रोगप्रतिकारशक्ती वाढते’ हे सरसकट विधान तर वाचून वाचून वीट आला आहे. (गोचिडीला कीटक म्हणणेही आता थांबावे, ती कोळ्याच्या वर्गातली, आठ पायांची आहे.)

‘इम्युनिटी’चे मूळ लॅटिन ‘इम्यूनिस’ या शब्दात आहे. ‘मूनुस’ म्हणजे अंगावर पडलेले कर्तव्य किंवा कर, आणि त्यातून सुटलेला तो ‘इम्यूनिस’. रोमन सैन्यात मोजणीदार, कारागीर, जखमींवर उपचार करणारे अशा कसबी सैनिकांना ‘इम्यूनेस’ म्हणत. त्यांच्या कसबाची फौजेला गरज असल्यामुळे खंदक खणण्यासारखी रोजची हमाली त्यांना माफ असे.

गोचिडीतला सहजीवी हुबेहूब असाच माफीदार आहे, असे माझे मत आहे. नुसत्या रक्तावर जगणाऱ्या गोचिडीला ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे अपुरी पडतात आणि कॉक्सिएला किंवा फ्रान्सिसेला यांच्या कुळातील जीवाणू ती तयार करून देतात. ऑर्निथोडोरस माउबाटा या जातीच्या गोचिडींमधून फ्रान्सिसेला काढून टाकल्यावर त्यांची वाढ खुंटली आणि रक्तात ही जीवनसत्त्वे मिसळून दिल्यावर ती पुन्हा सुरू झाली, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. गोचिडीकडे आपल्यासारखी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) नसतात. तिच्या शरीरद्रवात फिरणाऱ्या भक्षक पेशी आणि डिफेन्सिनसारखी पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे रेणू, जीवाणूंचा समाचार घेतात. सहजीवी मात्र अंडाशयाच्या आणि उत्सर्जक नलिकांच्या पेशींच्या आत बसून असतो, अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो, आणि बाहेरचा मारा त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. यावर कोणी म्हणेल की ही माफी नसून नुसते लपणे आहे. असेलही, अंतोन द बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये ‘सिम्बायोसिस’ची, म्हणजे सहजीवनाची, व्याख्या केली, तेव्हा त्यात परजीवीही धरले होते, त्यामुळे ‘सहजीवी’ म्हणजे मित्रच, असे मीही म्हणत नाही.

‘इम्युनिटी’साठी ‘प्रतिक्षमता’ हा शब्द पुढे करणाऱ्या विद्वानांशी मात्र माझे मुळीच पटत नाही. ‘क्षम्’ धातूचा अर्थ सहन करणे असा आहे आणि ‘क्षमा’ही त्यातूनच आली आहे. म्हणजे मी सांगतो ती माफी त्यांच्याच शब्दात दडून बसली आहे, आणि त्यांना तिथे ‘क्षमता’ तेवढी दिसते.